गिनीपिगचे गवत आणि घरातला केर

गिनीपिग हा गिनी देशातला प्राणी नव्हे, आणि डुक्कर तर नव्हेच. उंदीर-खारींच्या कुळातल्या या जिवाला दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशात हजारो वर्षांपूर्वी माणसाने माणसाळवले. आज तो आपल्या शहरांतील घरांतही मुलांचा सोबती झाला आहे. आणि जेथे तो येतो तेथे गवताची तक्रारही येतेच. वाळलेल्या गवताच्या काड्या सतरंजीत शिरतात, खुर्चीवर चढतात, आणि पिंजऱ्यातल्या मऊ कापडाला तर अशा चिकटतात की झटकूनही सुटत नाहीत. मग सहज वाटते, गवतच थोडे कमी घातले तर?

नेमके हेच करू नये. गिनीपिगला २० दात असतात आणि ते सारे जन्मभर वाढतच राहतात. गवत चघळल्यानेच ते झिजतात. न झिजले तर दाढा जिभेला टोचू लागतात आणि प्राणी अन्न सोडतो. त्याची आतडीही तंतुमय अन्नाच्या अखंड पुरवठ्यावर चालतात. एक दिवसाचा उपाससुद्धा त्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून त्याच्या आहारात सुमारे ८० टक्के वाटा वाळलेल्या गवताचा असावा लागतो. भाताचा पेंढा ही उणीव भरून काढीत नाही, कारण त्यात पोषण फार थोडे असते.

आता काड्या चिकटतात त्या का? प्लॅस्टिकची फणी केसांतून फिरवली की ती कागदाचे कपटे उचलते, हा खेळ आपण सर्वांनी केलेला आहे. दोन वस्तू घासल्या की एकीकडचे इलेक्ट्रॉन दुसरीकडे जातात आणि विद्युत्भार साचतो. हीच स्थिर वीज. पिंजऱ्यात अंथरलेले लोकरीसारखे मऊ कापड बहुधा पॉलिएस्टरचे असते. प्राण्याच्या धावपळीने ते घासले जाते, आणि पाणी शोषून न घेणाऱ्या या धाग्यांतून साचलेला भार सहजी निघून जात नाही. हवा कोरडी असली की अडचण वाढते. म्हणून दिल्ली-नागपूरच्या हिवाळ्यात हा त्रास अधिक, तर मुंबईच्या पावसाळ्यात जवळजवळ नाहीसा.

यावरून उपाय आपोआप सुचतात. गवत खायच्या जागी सुती चादर अंथरावी. सूत थोडा ओलावा धरते, त्यामुळे भार साचत नाही. कापड धुण्यापूर्वी घराबाहेर झटकावे आणि किंचित ओलसर केलेल्या रबरी हातमोज्याने त्यावरून हात फिरवावा. काड्या गोळा होऊन येतात. हे न केल्यास त्या मोरीत तुंबतात. जमीन कोरड्या केरसुणीपेक्षा ओल्या फडक्याने पुसावी, म्हणजे धूळ उडून आपल्या किंवा प्राण्याच्या श्वासात जाणार नाही. सुवासिक फवारे मात्र टाळावेत. त्याच्या श्वसनमार्गाला ते सोसत नाहीत.

गवतासाठी एक कोपरा ठरवून तेथे उंच काठाची लाकडी पेटी ठेवावी. गिनीपिगला खाता खाताच मलविसर्जन करण्याची सवय असते, त्यामुळे बराचसा केर त्या एकाच पेटीत राहतो. गवत तारेच्या जाळीत ठेवायचे असेल, तर त्याचे डोके अडकेल एवढ्या फटी नसाव्यात. काड्या उडू नयेत म्हणून गवतावर पाणी शिंपडण्याचा मोह मात्र आवरावा. ओल्या गवताला बुरशी येते, आणि ती विषासमान ठरते. कोकणासारख्या दमट प्रदेशात तर गवताचा साठा जमिनीपासून उंच, हवेशीर जागी ठेवावा.

इतके केल्यावरही चार काड्या घरात दिसतीलच. त्या दिसतात तोवर प्राणी पोटभर खात आहे, एवढे समजावे. ज्या दिवशी गवत जसेच्या तसे शिल्लक दिसेल, त्या दिवशी केर काढीत न बसता त्याला तातडीने पशुवैद्याकडे न्यावे.