बांधावरील शाळा

महसूल खात्याच्या नोकरींत असतांना एक प्रसंग आम्हीं अनेकदां पाहिला. वडिलांच्या पश्चात् सात-बाराच्या उताऱ्यावर आपलें नांव चढावें म्हणून वारस मुंबईहून गांवीं येई. त्याचे कागद चोख असत. परंतु शेतांत नेऊन "तुमची हद्द दाखवा" असें म्हटलें कीं तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाही. मळा कोणता, भरड कोणती, पावसाचें पाणी कोणत्या कोपऱ्यांतून उतरतें, हें त्यास ठाऊक नसे. अशा जमिनी पुढें पडीक राहिल्या, अथवा येईल त्या किमतीस विकल्या गेल्या, हेंही आम्हीं पाहिलें. दोष एकट्या त्या तरुणाचा नव्हे. सहाव्या वर्षीं त्यास भिंतींच्या आंत बसवून, बाहेर जें दिसतें तें शिक्षण नव्हे, अशी समजूत आपणच करून दिली होती.

ही समजूत चुकीची आहे, हें आपल्याच महाराष्ट्रांत पूर्वीं सिद्ध झालें आहे. कै. ताराबाई मोडक यांनीं सन १९४५ मध्यें डहाणू तालुक्यांतील बोर्डी येथें खेड्यांतील लहान मुलांकरितां काम सुरू केलें. कै. अनुताई वाघ त्यांस तेथें येऊन मिळाल्या, व सन १९५७ मध्यें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मुलें शाळेंत येत नाहींत असें पाहून ह्या बायांनीं मुलांच्या अंगणांतच वर्ग भरविले. पानें, बिया, खडे, शिंपले हींच शिकविण्याचीं साधनें केलीं. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं तर शाळाच कुरणावर नेली. तिलाच कुरणशाळा म्हणत. "अंगणवाडी" हा शब्द ह्याच कार्यांतून रूढ झाला. सन १९७५ पासून सरकारी योजनेनें अंगणवाड्या सर्वत्र निघाल्या खऱ्या, परंतु पुष्कळ ठिकाणीं शब्द तेवढा राहिला आणि मुलें पुन्हां खोलींतच बसूं लागलीं.

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर अशा शिक्षणास लागणारें साहित्य पायाखालींच आहे. भातकापणीनंतर उरल्या ओलीवर आपण चवळी किंवा कुळीथ पेरतों. पीक फुलावर येण्याच्या सुमारास एक रोप मुळांसकट अलगद उपटून मुलांच्या हातीं द्यावें. मुळांवर बारीक गांठी दिसतील. त्या मोजावयास सांगाव्या, व एक गांठ नखानें फोडावी. आंत गुलाबी रंग दिसला तर गांठींतील सूक्ष्म जंतू हवेंतील नत्र पिकास मिळवून देत आहेत असें समजावें. हिरवट वा करडा दिसला तर तें काम थांबलें आहे. सहा वर्षांच्या मुलास नत्र हा शब्द कळण्याची गरज नाहीं. "ही झाडाची खताची पिशवी" एवढें सांगितलें तरी पुरे. नंतर शेजारचें गवत उपटून त्याच्या मुळांस अशी पिशवी आहे काय, हें त्यानें स्वतः पाहावें.

पुढच्या श्रावणांत हींच मुलें सड्यावर न्यावीं. एरवीं रुक्ष दिसणाऱ्या जांभ्या कातळावर त्या दिवसांत सीतेच्या आसवांचीं निळसर फुलें येतात, आणि पानांवर चिकट थेंब धरणारी दवबिंदू ही वनस्पतीही उगवते. तेथील मातींत नत्र फार थोडें, म्हणून ह्या वनस्पती बारीक जीव धरून ती उणीव भरून काढतात. चवळीची गांठ फोडून पाहिलेल्या मुलास ही गोष्ट चटकन् उमगते.

खाडीकाठीं ओहोटीच्या वेळीं चिखलांतून वर आलेलीं तिवरांचीं श्वासमुळें दाखवावीं. भरतीच्या पाण्याच्या कडेस खुंटी ठोकून दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं पुन्हां यावें. पाणी खुंटीपाशीं नसतें, कारण भरती दररोज सुमारें ५० मिनिटें उशिरा येते. मग अमावास्या-पौर्णिमेस उधाण कां, खारबंधाऱ्याचें दार ओहोटीस उघडून भरतीस कां मिटतें, हें मूल आपण होऊन विचारूं लागतें.

ह्यानें अभ्यास बुडेल, असें कांहीं पालक म्हणतील. परंतु गांठी मोजणें व वितीनें रोप मापणें हें गणितच होय; पाहिलेल्या वस्तूचें चित्र काढून खालीं नांव लिहिणें हें लेखन होय. नांव प्रथम घरच्या मालवणींत यावें, पुस्तकी नांव मागाहून.

धोक्याची शंका मात्र रास्त आहे. सड्यावरील दगड मुलांस हातानें उचलूं देऊं नयेत; त्यांखालीं फुरसें असण्याचा संभव असतो. बिबव्याच्या झाडापासून त्यांस दूर ठेवावें, त्याच्या चिकानें अंग उततें. खाडींत पाणी उतरत असतांनाच जावें व चढूं लागण्यापूर्वीं परतावें. विजा होत असतील त्या दिवशीं सड्यावर जाऊंच नये.

शिक्षकांवर कामाचा बोजा आधींच पुष्कळ आहे. नुसता हुकूम सोडून हें होणार नाहीं. शाळेजवळ ज्यांची जमीन आहे अशा सभासद बंधूंनीं बांधालगतचा एखादा गुंठा मुलांकरितां राखावा, व शनिवारीं सकाळीं एक तास स्वतः तेथें हजर राहावें. लावणी करणाऱ्या वयस्क बायांस अवश्य बोलवावें. तणांचीं व पाखरांचीं नांवें त्यांस आपल्याहून अधिक ठाऊक असतात. मृग लागण्यापूर्वीं मुख्याध्यापकांस भेटून हें ठरवून टाकावें.

आम्हीं आमच्या कुणग्याचा एक कोपरा ह्या कामीं दिला आहे. तेथें येणाऱ्या एका सात वर्षांच्या मुलीनें घरीं जाऊन आजोबांस विचारलें, "आपला बांध कोणता?" हाच प्रश्न आम्ही नोकरीच्या काळांत तिशी उलटलेल्या वारसांस विचारीत असूं, आणि उत्तर मिळत नसे. आजोबा दुसऱ्या दिवशीं नातीस घेऊन शेतावर गेले.