खजिना नव्हे, पंचनामा

बुडालेले जहाज म्हटले की सोन्याची पेटी आठवते. त्यामुळे जलांतर्गत पुरातत्त्व (पाण्याखालच्या अवशेषांवरून माणसाच्या भूतकाळाचा अभ्यास) म्हणजे खजिन्याचा शोध, असे अनेकांना वाटते. खरे तर हे शास्त्र वस्तूइतकेच तिच्या जागेला जपते.

पोलिसांचा पंचनामा आठवावा. काहीही हलवण्याआधी ते कुठे, कसे, कशाशेजारी पडले होते याची नोंद होते. या नोंदीतूनच वस्तूचा संदर्भ (जागा, थर आणि शेजार) कळतो.

१९६० मध्ये तुर्कस्तानजवळच्या गेलिदोन्या भूशिराशी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास स्वतः पाण्यात उतरले आणि जमिनीवरची उत्खननाची शिस्त त्यांनी समुद्रतळावर पाळली. पुढे त्याच किनाऱ्यावर उलुबुरुनचे, ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातले जहाज १९८४ ते १९९४ या काळात, बावीस हजारांहून अधिक बुड्या मारून उकलले गेले. त्यात सोनेही होते, अगदी इजिप्तची राणी नेफर्तिती हिच्या नावाची मुद्रासुद्धा! पण अभ्यासकांना अधिक बोलके वाटले ते सुमारे दहा टन तांबे आणि एक टन कथील: कांसे ओतायला साधारण हेच प्रमाण लागते.

युनेस्कोच्या २००१ च्या करारानुसार असे अवशेष जागेवरच जतन करण्याचा पर्याय आधी तपासायचा असतो. त्यांच्या व्यापाराला त्यात मनाई आहे.