पोश्चरल ड्रेनेज

पोश्चरल ड्रेनेज ही शरीर विशिष्ट स्थितीत ठेवून, गुरुत्वाकर्षणाच्या साहाय्याने फुप्फुसांतील कफाचा निचरा करण्याची भौतिकोपचार पद्धत आहे. तिच्या जोडीला छातीवर थापट्या मारणे आणि कंपन देणे या क्रिया केल्या जातात.

गरज

निरोगी श्वासनलिकांच्या आतील अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. ते कफ सतत घशाकडे ढकलतात. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये कफ अतिशय चिकट होतो, तर ब्राँकिएक्टेसिसमध्ये श्वासनलिका कायमच्या रुंदावतात व कफ साचून राहतो. क्षयरोग बरा झाल्यानंतरही काही रुग्णांत ब्राँकिएक्टेसिस उद्भवतो. साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतुसंसर्गामुळे नलिकांच्या भिंती आणखी खराब होतात आणि कफ अधिकच साचतो. हे दुष्टचक्र रोखणे हा या उपचाराचा हेतू असतो.

शरीरस्थिती

उजव्या फुप्फुसाचे तीन व डाव्याचे दोन खंड असतात. प्रत्येक खंडातील नलिकांची दिशा वेगळी असल्याने एकच स्थिती सर्व भागांना उपयोगी पडत नाही. ज्या भागात कफ साचला आहे तो वर आणि त्याच्या नलिकेचे तोंड खाली येईल, अशी स्थिती निवडतात. वरच्या खंडाच्या टोकासाठी रुग्णाला बसवतात. खालच्या खंडाच्या मागील तळभागासाठी रुग्णाला पालथे झोपवून कमरेचा भाग छातीपेक्षा उंच ठेवतात. उजव्या मधल्या खंडासाठी डाव्या कुशीवर, किंचित पाठीकडे कललेल्या स्थितीत झोपवतात.

थापट्या आणि कंपन

बोटे जुळवून तळहात वाटीसारखा पोकळ केला जातो व मनगट सैल ठेवून छातीवर लयीत थापट्या मारल्या जातात. आवाज पोकळ यावा, चापटीसारखा येऊ नये. तळव्याखाली कोंडलेल्या हवेमुळे त्वचेला इजा न होता धक्का आत पोहोचतो, त्यामुळे जोर लावण्याची आवश्यकता नसते. अंगावर पातळ कपडा ठेवतात. पाठीचा कणा, छातीचे मधले हाड, स्तन, पोट आणि मूत्रपिंडांचा भाग टाळतात. कंपन मात्र केवळ उच्छ्वासाच्या वेळी देतात. सुटलेला कफ अखेर रुग्णाने खोकून बाहेर टाकावा लागतो.

दक्षता

उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून हा उपचार जेवणापूर्वी किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी करतात. खोकल्यातून रक्त पडणे, बरगडी मोडलेली असणे, हाडे ठिसूळ असणे किंवा कवटीतील दाब वाढलेला असणे अशा अवस्थांत तो टाळतात अथवा त्यात बदल करतात. डोके खाली ठेवल्यास जठरातील द्रव अन्ननलिकेत येऊ शकतो, म्हणून तान्ह्या बाळांना ही स्थिती सहसा देत नाहीत. घरी उपचार करणाऱ्या नातेवाइकांनी ही पद्धत भौतिकोपचारतज्ज्ञाकडून शिकून घेणे आवश्यक असते.

इतिहास

लंडनमधील वैद्य विल्यम एवर्ट यांनी 1901 मध्ये ब्राँकिएक्टेसिसवरील उपचार म्हणून शरीरस्थितीच्या वापराचे वर्णन केले. पुढे श्वसनाचे विशेष व्यायाम आणि कंपन देणारी यंत्रचलित जाकिटे यांसारखे पर्याय उपलब्ध झाले. त्यांपैकी अनेक पर्याय रुग्णाला दुसऱ्याच्या मदतीविना वापरता येतात.