विष तयार होण्याआधी उघडणारं दार

स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलर हा मातीतला जिवाणू पेट्री डिशमध्ये वाढवला, तर सुरुवातीला आगरात रुतलेला एक फिकट, चिवट ठिपका तेवढा दिसतो. काही दिवसांनी त्यावर पांढरी लव येते आणि भोवतालचा आगर निळा पडायला लागतो. हा निळा रंग म्हणजे ॲक्टिनोऱ्होडिन हे प्रतिजैविक. आम्ल मिसळलं की तेच लाल होतं. जनुकशास्त्रज्ञ डेव्हिड हॉपवूड यांनी १९५०च्या दशकात केंब्रिजला आणि पुढे नॉर्विचच्या जॉन इनेस संस्थेत याच जिवाणूवर हयात घालवली. २००२ साली त्याचा जीनोम वाचून झाला, तेव्हा ७,८२५ जनुकं निघाली.

निळा रंग लगेच का येत नाही? उत्पादन सुरू करणाऱ्या मुख्य जनुकात टीटीए हा क्वचित आढळणारा संकेत आहे. तो वाचणारा ‘बीएलडीए’ नावाचा आरएनए बिघडवला, तर रंग येत नाही आणि बीजाणू धरणारी पांढरी लवही उगवत नाही. म्हणजे बीजाणूंची तयारी आणि औषध, दोन्हींची किल्ली एकच.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो पुढचा टप्पा. औषध पेशीबाहेर फेकणारा पंप एरवी बंद असतो, कारण ॲक्ट-आर हे प्रथिन त्याच्या जनुकाजवळ डीएनएला घट्ट चिकटून बसलेलं असतं. तयार औषध साठल्यावरच ॲक्ट-आर सुटलं असतं, तर बनवणारी पेशी आपल्याच विषाच्या तावडीत सापडली असती. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की औषध पूर्ण होण्याआधीचे अर्धवट रेणूही ॲक्ट-आरला पकडतात. त्याची डीएनएवरची पकड सुटते, पंप तयार होतो आणि मगच पक्कं औषध येतं. माल बाहेर काढायची सोय आधी, माल नंतर!

सीलिकलरच्या भाऊबंदाची, स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियसची, तऱ्हा वेगळी. त्याच्यापासून १९४३ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक मिळालं. तो औषधाला आतच फॉस्फेट जोडून ते निकामी ठेवतो आणि पेशीबाहेर गेल्यावर फॉस्फेट काढून टाकतो. औषध जंतूला कसं मारतं यावर आपण खूप बोलतो. औषध बनवणारा कसा वाचतो हे कळणंही तितकंच निकडीचं आहे. रुग्णालयांतले, औषधांना दाद न देणारे अनेक जंतू आज हेच दोन मार्ग वापरतात: फॉस्फेट जोडणारी विकरं आणि पंप.