धर्मग्रामाचा आठवडा कसा चालतो?

आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल की चर्चविषयी, म्हणजे एखाद्या जुन्या इमारतीविषयी बोलणं होणार. इमारत आपण बाजूला ठेवू. कॅथलिक लोक ज्याला ‘पॅरिश’ म्हणतात आणि वसईकडचे मराठी कॅथलिक ज्याला ‘धर्मग्राम’ म्हणतात, तिथली माणसं आठवडाभर काय करतात, हे मला सांगायचं आहे. धर्मोपदेश करायला मी आलेलो नाही. एखादा समाज पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहतो तो नेमका कशाच्या जोरावर, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपण इथं झरीत, परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या गावात बसलोय. इथल्या माणसाला अखंड हरिनाम सप्ताह समजावून सांगावा लागत नाही. पहाटेचा काकडा, सकाळचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. विणा खाली ठेवायची नसते, म्हणून कोण कोणत्या वेळी पहाऱ्याला उभा राहणार हे आधीच ठरलेलं असतं. वर्गणी कोणी गोळा करायची, पंगतीत वाढायला कोण, हेही ठरलेलं. आता असं समजा की ही पाळी सात दिवसांनी संपत नाही, वर्षभर चालूच राहते, आणि तिच्यात शाळा, पतपेढी, आजाऱ्याची विचारपूस आणि मयताची व्यवस्थाही येते. धर्मग्राम म्हणजे ढोबळमानाने तेच.

उदाहरणं मी मुख्यतः वसईची घेणार आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. राज्य गेलं, पण तिथले ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी तिथंच राहिले. त्यांच्या घरात आजही सामवेदी, वाडवळी अशा मराठीच्या बोली चालतात. पानवेल, केळी, फुलं आणि भाजीपाला ही त्यांची शेती. मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा काढून १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आपल्या मराठवाड्याच्या मोठ्या भागासाठी औरंगाबादचा धर्मप्रांत १९७७ मध्येच झाला होता. पण तिकडे आणि इकडे एक मोठा फरक आहे. वसईत एकेका गावाला आपलं चर्च आहे. इकडे एका धर्मगुरूकडे कितीतरी गावं असतात. त्याकडे शेवटी येतो.

‘पॅरिश’ या शब्दाचं मूळ ग्रीक आहे. परक्या ठिकाणी मुक्काम करून राहणारे, असा त्याचा अर्थ. म्हणजे सुरुवात बिऱ्हाडकरूंपासून झाली आणि पुढे तो शब्द हद्दीला चिकटला! आजच्या चर्चच्या कायद्यात, म्हणजे १९८३ च्या संहितेत, धर्मग्राम सर्वसाधारणपणे हद्दीवर ठरतो. गावाचा शिवार जसा आखलेला असतो, तसं. तुम्ही जिथं राहता तिथला धर्मग्राम तुमचा.

आता आठवड्याकडे येऊ. तो शनिवारी संध्याकाळी सुरू होतो. दिवस मावळला की नवा दिवस लागतो, हा ज्यू लोकांचा जुना हिशेब चर्चने सणावारांसाठी ठेवला. म्हणून शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते. रविवारी दुकान उघडणाऱ्याला किंवा ड्युटीवर जाणाऱ्याला ही मोठी सोय आहे.

मिस्सा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. आधी वाचन होतं. रविवारी पहिलं वाचन, स्तोत्र, दुसरं वाचन आणि मग शुभवर्तमान. ही वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात, म्हणजे आज वाचलेला उतारा त्या रविवारी पुन्हा यायला तीन वर्षं लागतात. त्यानंतर प्रवचन, मग भाकर आणि द्राक्षारसाचं अर्पण आणि ख्रिस्तप्रसाद. हे सगळं पूर्वी लॅटिनमध्ये चालायचं. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून म्हणायचे आणि मागे बसलेल्या आजीबाई आपली जपमाळ ओढत बसायच्या. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेला वाट मोकळी झाली.

हा बदल भाषेपुरता होता असं पुष्कळांना वाटतं. मला तो कामाच्या वाटणीचा बदल वाटतो. मिस्सा मराठीत आली म्हणजे वाचन करायला गावातला कोणीतरी उभा राहणार. त्याला आदल्या दिवशी उतारा वाचून तयारी करावी लागणार. मराठी गीतं लागणार, त्यांना चाली लागणार, म्हणजे गायनमंडळ आलं आणि त्याचा सराव आला. पेटी वाजवणारा शोधावा लागला. जे काम एकट्याचं होतं ते वीसजणांचं झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी संपूर्ण बायबलचा ‘सुबोध बायबल’ हा मराठी अनुवाद केला आणि त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ते २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे तुम्हाला आठवत असेल.

मिस्सेच्या शेवटी येतात त्या सूचना. त्याकडे नीट लक्ष द्या. धर्मग्रामाची ही दवंडीच असते. अमुक आळीत बुधवारी प्रार्थनासभा, रक्तदान शिबिर कधी, शाळेचा प्रवेशअर्ज कुठं मिळेल, कोण वारलं, महिनामास कधी. आणि लग्नं. अमक्याचा मुलगा आणि तमक्याची मुलगी यांचा विवाह ठरला आहे, कोणाला काही अडचण माहीत असेल तर कळवा, असं लग्नाआधी सहसा लागोपाठ रविवारी वाचलं जातं. एखाद्याचं आधीचं लग्न लपवून ठेवलेलं असेल तर ते भर सभेत उघडं पडावं, हा त्यातला हेतू. फसवणुकीपासून मुलीला वाचवणारी ही साधी युक्ती आहे.

याच्याच जोडीला चर्चच्या कचेरीत नोंदवही असते. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये विवाहाची नोंद ठेवणं धर्मगुरूंना बंधनकारक केलं. स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वहीची गंमत अशी की तुमची मूळ नोंद जिथं बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमध्ये कायम राहते. तुम्ही पुढे पुण्यात, दुबईत कुठंही लग्न केलं, तरी तिथला धर्मगुरू मूळ गावी कळवतो आणि तुमच्या नावासमोर, वहीच्या समासात, त्या लग्नाची नोंद होते. माणूस कुठंही गेला तरी त्याचा एक धागा त्या वहीत अडकलेला राहतो. वंशावळ शोधणाऱ्यांना या वह्यांची किंमत माहीत आहे.

सोमवार-मंगळवार तसे शांत. रोजची सकाळची मिस्सा असते, तिला ठरलेली माणसं असतात. बुधवारी नोव्हेना. मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारची नोव्हेना चालते आणि तिथं मेणबत्ती घेऊन उभ्या असलेल्या रांगेत सगळ्या धर्मांची माणसं दिसतात. गुरुवारी अनेक ठिकाणी ‘पवित्र तास’, म्हणजे शांत बसून केलेली आराधना. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी धर्मगुरू अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात. उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रूसाची वाट, तिची चौदा स्थानं. मे आणि ऑक्टोबरात गावातल्या क्रूसापाशी जपमाळेची प्रार्थना. मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग बहुधा रविवारी, आणि शिकवणारे बिनपगारी.

मला जास्त वेळ द्यायचा आहे तो सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीला. फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १८३३ मध्ये पॅरिसला ती मित्रांबरोबर सुरू केली. आज कितीतरी धर्मग्रामांत तिची शाखा असते. तिचे दोन नियम मला फार शहाणपणाचे वाटतात. पहिला असा की गरजू माणसाला कचेरीत बोलवायचं नाही, दोघांनी मिळून त्याच्या घरी जायचं. घरी गेलं की न सांगता कळतं: चूल पेटली आहे का, औषधाची बाटली रिकामी आहे का, मुलगी शाळेच्या वेळेला घरात का आहे. दुसरा नियम थैलीचा. बैठकीत एक बंद थैली फिरते. प्रत्येकाने हात आत घालायचा. कोणी पाचशे टाकले, कोणी पाच, कोणी रिकामा हात घालून काढला, हे शेजारच्यालाही कळत नाही. त्यामुळे ज्याच्याकडे या आठवड्यात द्यायला काही नाही, तोही सदस्य म्हणून ताठ मानेने बसू शकतो. देणगीदारांच्या नावाचे फलक लावायची आपल्याकडे जी हौस आहे, तिच्याशेजारी ही थैली ठेवून बघा.

अशा बैठकांतूनच मोठी कामं उभी राहतात. वसईचे शेतकरी एकेकाळी सावकाराच्या वहीत अडकलेले होते. १९०४ आणि १९१२ चे सहकाराचे कायदे झाल्यावर मॉन्सेन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी पुढाकार घेतला आणि १९१८ मध्ये कॅथलिक सहकारी पतसंस्था निघाली. तीच आजची बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. पतसंस्थेला काय लागतं? कोणाची पत किती, कोण शब्दाला पक्का, हे माहीत असलेली माणसं लागतात. दर रविवारी एकमेकांना भेटणाऱ्यांना ते आधीच माहीत होतं. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाचं संकट आलं आणि विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जाऊ लागलं, तेव्हा दिब्रिटोंच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती लढली. त्या लढ्यात सगळ्या धर्मांची माणसं होती, पण निरोप एका दिवसात गावोगाव पोचवण्याची यंत्रणा चर्चच्या घंटेखाली तयारच होती.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. या सगळ्यात निर्णय कोणाचा? कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. पालकीय मंडळ, ज्यात गावचे प्रतिनिधी असतात, ते फक्त सल्ला देतं. शेवटचा शब्द प्रमुख धर्मगुरूंचा. आणि त्यांची काही वर्षांनी बदली होते. चांगला माणूस आला तर मंडळ जिवंत असतं, नाही तर बैठका कागदावर. दुसरं म्हणजे फुलं, स्वच्छता, मुलांचे वर्ग, आजाऱ्यांकडे जाणं ही कामं बहुतेक बाया करतात आणि व्यासपीठावर खुर्च्या पुरुषांना मिळतात. हे आपल्याकडच्या सप्ताहातही होतं, तेव्हा हसू नका.

खरी अडचण आज वेगळी आहे. वसईच्या वाड्या विकल्या गेल्या, मुलं पहाटेची लोकल पकडतात किंवा परदेशात आहेत. घरात म्हातारी दोघं. त्यांचा आठवडा रविवारच्या एका तासापुरता उरतो, आणि गुडघे गेले की तोही मोबाईलवर बघायचा. नव्या इमारतींत आलेल्या कॅथलिकांना मराठी येत नाही, म्हणून रेल्वे स्टेशनजवळच्या चर्चमध्ये मराठीबरोबर इंग्रजी मिस्साही लागते. सोय होते, पण एकाच चर्चमध्ये दोन रांगा तयार होतात आणि त्या एकमेकांना ओळखत नाहीत. यावर काढलेला उपाय म्हणजे लघु ख्रिस्ती समूह. दहा-वीस-तीस घरांचा गट करायचा, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचं, बायबल वाचायचं, आणि मग विचारायचं: या महिन्यात आपल्यापैकी कोण दिसलं नाही? जिथं हा शेवटचा प्रश्न विचारला जातो तिथं समूह टिकतो. जिथं नुसती प्रार्थना म्हणून चहा होतो तिथं तो दोन वर्षांत बंद पडतो, असं माझं निरीक्षण आहे.

इथं एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय, आमच्या भागात एखाद्या गावात चार-पाचच कॅथलिक घरं असतात, धर्मगुरू महिन्यातून एकदा येतात, मग तुमचा हा आठवडा तिथं कसा चालणार?

प्रश्न चांगला आहे. चर्चच्या कायद्यातच त्याचं उत्तर आहे. धर्मगुरू नसेल आणि मिस्सेला जाणं शक्य नसेल, तर लोकांनी शब्दाच्या उपासनेत भाग घ्यावा, किंवा एकट्याने, कुटुंबात, जमल्यास काही कुटुंबांनी मिळून प्रार्थनेत वेळ घालवावा, अशी शिफारस तिथं आहे. म्हणजे रविवारी कोणाच्या तरी ओसरीवर जमायचं. त्या रविवारची वाचनं तीच असतात, वसईत जी वाचतात ती. वाचता येणारी शाळेतली मुलगी असली तरी पुरतं. थैली फिरवायला पाच घरं पुष्कळ झाली. आणि कोणाच्या घरी मूल जन्मलं, कोण वारलं, कोणाचं लग्न ठरलं, हे एका वहीत लिहून ठेवा. धर्मगुरू आले की त्यांच्यासमोर आधी ती वही ठेवायची.