शेवाळातले डिझेल आणि खर्चाची वही

विद्यार्थ्यांची सहल घेऊन महाबळेश्वरी गेलो असता वेण्णा तलावाच्या काठावरील शेवाळाकडे बोट दाखवून एकाने विचारले, “सर, शेवाळापासून डिझेल होते म्हणतात, मग परदेशाचे तेल कशाला?” प्रश्न रास्त होता.

नुसत्या डोळ्यांना न दिसणारी काही सूक्ष्म शेवाळे आपल्या पेशींत तेल साठवितात. त्या तेलावर मिथेनॉल व अल्कली यांची प्रक्रिया केली की जैवडिझेल आणि ग्लिसरीन मिळते. त्यासाठी उसाची वा ज्वारीची जमीन अडवावी लागत नाही, हा मोठाच गुण. इथवर शास्त्रज्ञांचे काम चोख आहे. घोडे अडते ते आमच्या शास्त्रापाशी, म्हणजे खर्चापाशी.

उघड्या कुंडातील लिटरभर पाण्यात सुके शेवाळ भरते साधारण अर्धा ग्रॅम. त्यात चौथा हिस्सा तेल धरले, तर एक लिटर इंधनासाठी साडेतीन-चार किलो शेवाळ, म्हणजे सात-आठ हजार लिटर पाणी गाळावे लागते. ते पाणी पुन्हा वापरता येते हे खरे. परंतु ढवळणे, गाळणे आणि वाळविणे यांस लागणारी ऊर्जा कोणी फुकट देत नाही. अमेरिकन सरकारने १९७८ मध्ये सुरू केलेले संशोधन १९९६ मध्ये आवरते घेतले, ते खर्चाचा मेळ बसेना म्हणूनच. २००९ मध्ये या क्षेत्रात उतरलेली एक्झॉनमोबिल कंपनीही २०२३ मध्ये बाहेर पडली.

आपल्या जिल्ह्यात तर निसर्गच उलटा हिशेब मांडतो. महाबळेश्वरी पाणी उदंड, पण पावसाळ्याचे चार महिने ऊन नाही. माण-खटावात ऊन रग्गड, पण पाणी नाही. तेथील शेतकऱ्यास उद्या कोणी शेवाळाची कुंडे बांधण्याचा आग्रह केला, तर त्याने मोगली एरंड आठवावा. २००३ नंतर त्याचाही असाच गाजावाजा झाला होता, आणि बियांचा उतारा अपेक्षेच्या जवळपासही आला नाही.

तथापि शेवाळाचे एक काम मला मोलाचे वाटते. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हेच त्याचे खाद्य. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून संवेदनक्षम म्हणून घोषित आहे. येथे उगम पावणारी कृष्णा पुढे कराड-सांगलीची तहान भागविते. हंगामात हॉटेलांचे सांडपाणी शुद्ध करण्यासाठी एखादे प्रायोगिक कुंड नगरपालिकेने बांधावे, त्याचा खर्च पाणी-शुद्धीकरणाच्या खात्यावर टाकावा, आणि तेल निघालेच तर ते जमेस धरावे.

त्या विद्यार्थ्याला मी लिटरमागे पाणी, वीज व मजुरी असे तीन रकाने आखून आणायला सांगितले आहे.