गोंबेच्या अरण्यातील ‘तो’ आणि ‘ती’

मराठीत बैलाला ‘तो’ व गाईला ‘ती’ म्हणताना कोणास काही विशेष वाटत नाही. इंग्रजीत मात्र जनावराचा उल्लेख निर्जीव वस्तूच्या सर्वनामाने करण्याची रीत आहे. भाषा शिकविणे हा आमचा व्यवसाय. म्हणून एका सर्वनामासाठी विद्वानांपुढे हट्ट धरणाऱ्या जेन गुडॉल यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

त्यांचा जन्म १९३४ साली लंडनमध्ये झाला. पैशाअभावी महाविद्यालयाचे शिक्षण घडले नाही, परंतु आफ्रिकेची ओढ लहानपणापासूनची. केनियात त्यांची गाठ प्राचीन मानवाचे संशोधक लुई लीकी यांच्याशी पडली. लीकींच्या सांगण्यावरून १९६० च्या जुलैत त्या टांगानिका सरोवराच्या काठी गोंबेच्या रानात चिंपांझींचा अभ्यास करण्यास गेल्या. तरुण स्त्रीने एकटीने राहावे हे सरकारला मान्य होईना, तेव्हा आईच सोबतीस गेली!

प्रारंभी माणूस दिसताच चिंपांझी पळून जात. बाई टेकडीवर दुर्बीण घेऊन दिवसचे दिवस बसून राहत. पांढऱ्या हनुवटीच्या एका नराची भीती प्रथम मोडली. त्याचे नाव त्यांनी डेव्हिड ग्रेबिअर्ड ठेवले. हाच डेव्हिड वारुळाच्या भोकात गवताची काडी घालून बसलेला त्यांना दिसला. काडीला चावून धरणाऱ्या वाळव्या वर आल्या की तो त्या ओठांनी टिपून खाई. डहाळीची पाने ओरबाडून तशी काडी तयार करतानाही चिंपांझी आढळले. हत्यार घडवितो तो मनुष्य, अशी तोवरची व्याख्या. ती एका काडीने मोडली.

पुढे केंब्रिजमध्ये त्यांना सांगण्यात आले की, प्राण्यांना नावे नव्हे, क्रमांक द्यावेत. पहिल्या निबंधातील ‘तो’ व ‘ती’ संपादकाने खोडले, ते त्यांनी पुन्हा लिहिले. हा केवळ हट्ट नव्हता. फ्लो ही वृद्ध मादी १९७२ साली मेली, तेव्हा तिचा मुलगा फ्लिंट खाणेपिणे टाकून महिनाभरात गेला. हे दुःख क्रमांकाने कसे सांगावे? तथापि गुडॉलबाईंनी प्राण्यांचे नुसते गोडवे गाइले नाहीत. १९७४ पासून चार वर्षे एका टोळीने दुसरीतील ओळखीच्याच नरांना एकेक करून ठार मारले, तेही त्यांनी लिहून ठेवले.

१९८६ साली शिकागोच्या परिषदेत आफ्रिकेतील जंगले किती झपाट्याने नाहीशी होत आहेत हे ऐकून त्यांनी रानातला मुक्काम सोडला व रक्षणाचे काम अंगावर घेतले. काही वर्षांनी विमानातून पाहताना गोंबेभोवतीच्या टेकड्या बोडक्या झालेल्या दिसल्या. गावकऱ्यांनी झाडे तोडली ती पोटासाठी; त्यांना दोष देऊन काय होणार? म्हणून १९९४ साली गावांतच काम सुरू झाले: रोपवाटिका, पाणी, मुलींचे शिक्षण, लहान कर्जे. आमच्या मते हे काम त्या काडीच्या शोधाहून कमी मोलाचे नाही.

व्याख्यानांच्या दौऱ्यावर असतानाच, १ ऑक्टोबर २०२५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. गोंबेतील नोंदी अद्याप चालू आहेत. तेथे पिलाचे नाव आईच्या नावाच्या आद्याक्षरावरून ठेवण्याचा प्रघात आहे: फ्लोची मुलगी फिफी, आणि फिफीची मुले फ्रॉइड व फ्रोडो.